मशिदीच्या वाचनालयातील दोन कपाटे : झाकीर नाईक बंदीनंतरचे सीमाभागातील एक प्रकरण

इस्लामचे प्रचारक डॉ. झाकीर नाईक यांच्या संस्थेवर 2016 मध्ये केंद्राने बंदी घातली, तेव्हाचे हे प्रकरण बेळगाव जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या एका बाजारपेठेच्या गावातले आहे. गाव आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून स्थानिक तपशील बदलले आहेत. सरकारी निर्णय, त्यांच्या तारखा आणि कायद्याची कलमे मात्र जशीच्या तशी दिली आहेत, कारण गावात घेतलेला प्रत्येक निर्णय त्यांच्यावरच अवलंबून होता.

पार्श्वभूमी

गाव ऊस-तंबाखूच्या पट्ट्यातले. इथला मुसलमान घरात दखनी बोलतो, बाजारात मराठी बोलतो, मुलांना बहुतेक करून मराठी शाळेत घालतो आणि तहसील कार्यालयात कन्नड अर्जावर सही करतो. मोहरमला पंजे बसतात आणि त्यांचा मान काही मराठा घराण्यांकडे आहे. उरुसाचा गलेफ, म्हणजे दर्ग्यावर चढवायची चादर, हिंदू व्यापाऱ्यांच्या दारावरून जातो. जमातीतल्या, म्हणजे गावच्या मुस्लिम समाजातल्या, जुन्या मंडळींचा धर्म असा उरूस, मिलाद (पैगंबर जयंती) आणि फातिहा (मृतांसाठीची प्रार्थना) यांच्यात रुजलेला होता.

मशिदीला लागून असलेल्या खोलीत तरुणांनी 2008 च्या सुमारास वाचनालय काढले. कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, 1960 खाली संस्था नोंदवली आणि बँकेत खाते उघडले. दोन लोखंडी कपाटे, एक टेबल, एक जुना संगणक एवढाच संसार. मराठी कुराण, उर्दू तफसीर (कुराणावरील भाष्य), शालेय गाइड, स्पर्धा परीक्षेची पुस्तके आणि बऱ्याच संख्येने डॉ. झाकीर नाईक यांच्या पुस्तिका व डिस्क.

या डिस्क इथवर पोचण्यामागे त्या प्रचारकाचा सारा प्रवास आहे. नाईक यांचा जन्म 18 ऑक्टोबर 1965 चा, मुंबईचा. त्यांनी नायर रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयातून एमबीबीएस केले. दक्षिण आफ्रिकेतील अहमद दीदात यांच्या जाहीर वादविवादांनी प्रभावित होऊन ते प्रचाराकडे वळले आणि 1991 मध्ये त्यांनी मुंबईत इस्लामिक रिसर्च फाउंडेशन ही संस्था काढली. सूट-टाय, इंग्रजी भाषण, अध्याय आणि वचनाचे आकडे तोंडपाठ, शेवटी खुली प्रश्नोत्तरे अशी त्यांची पद्धत होती. जानेवारी 2006 मध्ये बंगळुरात श्री श्री रविशंकर यांच्याशी त्यांचा जाहीर संवाद झाला आणि त्याच्या डिस्क कर्नाटकात घरोघरी पोचल्या. त्याच वर्षी दुबईतून पीस टीव्ही सुरू झाला. शाळेत, एसटीत, कारखान्यात धर्मावरून टोमणे ऐकणाऱ्या तरुणाला हा माणूस भिडला, कारण तो चिडत नाही आणि संदर्भ देतो असे त्याला दिसत होते. हे आकर्षण ज्यांनी समजून घेतले नाही, त्यांना पुढचे प्रकरण हाताळता येत नाही.

वादही तितकेच जुने आहेत. 2007 च्या मुंबईतील परिषदेत त्यांनी, ज्याच्या काळात करबलात इमाम हुसेन मारले गेले त्या यझीदच्या नावापुढे आदरवचन उच्चारले आणि शिया तसेच दर्गा मानणारे सुन्नी दोघेही संतापले. मोहरम पाळणाऱ्या या गावात त्याचे पडसाद उमटणारच होते. दर्ग्यावर मागणे मागणे धर्मबाह्य आहे, ही त्यांची भूमिका जुन्या मंडळींना घरावर आलेला घाव वाटे. ओसामा बिन लादेनविषयीच्या त्यांच्या जुन्या विधानांवरून टीका होत राहिली आणि जून 2010 मध्ये ब्रिटनने त्यांना प्रवेश नाकारला. 2015 मध्ये सौदी अरेबियाने त्यांना किंग फैसल पुरस्कार दिला. म्हणजे एका देशात दार बंद आणि दुसऱ्या देशात सन्मान. गावातल्या दोन्ही गटांना आपापल्या बाजूचा पुरावा हाताशी होता.

अडचण कशी उभी राहिली

1 जुलै 2016 ला ढाक्यातील होली आर्टिसन बेकरीवर हल्ला झाला. हल्लेखोरांपैकी एकाने समाजमाध्यमावर नाईक यांचा हवाला दिल्याची बातमी आली. बांगलादेशाने पीस टीव्ही बंद केला. इकडे केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाने राज्यांना कळवले की परवाना नसलेल्या वाहिन्या केबलवरून दिसता कामा नयेत. पीस टीव्हीला भारतात उपग्रहावरून संकेत उतरवून दाखवण्याची परवानगी कधीच नव्हती.

गावच्या केबलवाल्याकडे त्या वेळी जुनी अॅनालॉग यंत्रणा होती. वेगळी छत्री, मोफत वाहिन्यांचा एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर (वाहिनीचा संकेत केबलवर चढवणारे यंत्र) लावला की वाटेल ती वाहिनी एका रिकाम्या क्रमांकावर टाकता येई. मोहल्ल्याच्या मागणीवरून त्याने तेच केले होते. तहसील कार्यालयातून विचारणा येताच त्याने मॉड्युलेटर काढला आणि बंद केल्याचे लेखी दिले. विषय एका दिवसात संपला. केबल टीव्ही कायदा, 1995 च्या कलम 11 खाली अधिकृत अधिकारी यंत्रसामग्री जप्त करू शकतो हे त्याला माहीत होते, आणि धंदा त्याचा होता. जमातीने मात्र यातून काहीच बोध घेतला नाही. वाहिनी गेली, आता प्रश्न मिटला, असे धरून चालले.

15 नोव्हेंबर 2016 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने इस्लामिक रिसर्च फाउंडेशनवर बंदीला मंजुरी दिली आणि 17 तारखेला बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली अधिसूचना निघाली. मुदत पाच वर्षांची, अंमल तात्काळ. बातमी टीव्हीवर झळकली त्याच रात्री गावच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाचनालयाचा फोटो फिरू लागला. पुस्तिका ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आल्या होत्या त्यांवर संस्थेचे नाव छापलेले होते आणि खोकी कपाटावर रचलेली होती. फोटोखाली ओळ होती : ‘बंदी घातलेल्या संस्थेचे आपल्या गावातले ऑफिस.’ दुसऱ्या दिवशी एका तरुण मंडळाने वाचनालय सील करावे म्हणून तहसीलदारांना निवेदन दिले.

वेळही वाईट होती. आठवड्याभरापूर्वी, 8 नोव्हेंबरला नोटाबंदी झाली होती आणि जमातीच्या पेटीत जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा पडून होत्या. बेळगावात सुवर्ण विधानसौधमधल्या राज्य विधिमंडळाच्या अधिवेशनासाठी पोलिस बंदोबस्त तिकडे वळणार होता. आणि डिसेंबरच्या मध्याला ईद-ए-मिलादची मिरवणूक होती, जिला जुनी मंडळी जीव लावतात आणि वाचनालयातली काही मुले मानत नाहीत.

पहिली रात्र : समोर असलेले पर्याय

निवेदन गेले त्या रात्री नमाजनंतर जमातीचे पंच बसले. चार मार्ग पुढे आले.

पहिला, सगळे जाळायचे किंवा नदीत सोडायचे. घाबरलेल्या माणसाला हा सर्वांत सोपा वाटतो आणि तोच सर्वांत घातक असतो. पुस्तिकांत कुराणातील आयती, म्हणजे वचने, छापलेल्या. त्या जाळताना कोणी पाहिले असते तर जमातीतच डोकी फुटली असती. शिवाय निवेदन गेलेले असताना वस्तू नष्ट करणे म्हणजे पुरावा नष्ट केल्याच्या आरोपाला आमंत्रण. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम 201 हेच सांगते. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम 238 आहे.

दुसरा, पुस्तके घरोघरी वाटून टाकायची. याला बरेच जण तयार होते. पण वाटली की कुठे काय आहे याचा हिशेब संपतो, आणि झडती झालीच तर एका खोलीऐवजी दहा घरांची होते. बायका-मुलांसमोर झडती होणे काय असते, हे एका वयस्क पंचांनी सांगितले तेव्हा हा पर्याय मागे पडला.

तिसरा, गप्प बसायचे. फोटो फिरत नसता तर हे चालले असते.

चौथा, कुलूप लावायचे, यादी करायची आणि आपणहून लेखी कळवायचे. याला तरुणांचा विरोध होता. एकाने मुतवल्लींना, म्हणजे मशिदीच्या व्यवस्थापकांना, सरळ विचारले, “चाचा, आपण गुन्हा केला नाही तर आपणच ठाण्यात का जायचं?” प्रश्न रास्त होता. बंदी संस्थेवर होती. पुस्तकावर बंदी घालण्याची वाट वेगळी आहे : राज्य सरकारने तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 95 खाली कारणे देऊन ते सरकारजमा झाल्याचे जाहीर करावे लागते आणि त्याविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येते. आज हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 98 आणि 99 मध्ये आहे. कपाटातल्या पुस्तिकांबाबत असे काही झालेले नव्हते.

तरीही चौथा पर्याय निवडला तो योग्यच होता असे आमचे मत आहे. खोकी संस्थेची होती, निवेदन गेलेले होते, आणि पोलिस आल्यावर दिलेल्या खुलाशापेक्षा त्याआधी दिलेल्या यादीचे वजन जास्त असते.

काय केले

त्याच रात्री खोलीला दोन कुलपे लावली. एक चावी जुन्या मंडळींकडे, एक वाचनालयाच्या मुलांकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडणार नाही, ही अट. या एका गोष्टीने ‘आत काहीतरी ठेवले’ किंवा ‘काहीतरी काढले’ हा परस्परांवरचा संशय थांबला.

सकाळी यादी सुरू झाली. रकाने असे : अनुक्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, भाषा, प्रती, कोठून आले. प्रकाशकाचे नाव मुखपृष्ठावर पाहायचे नाही, शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला पाहायचे, कारण नाईक यांचीच भाषणे दिल्ली-मुंबईच्या इतर प्रकाशकांनीही छापली होती. तीन गठ्ठे झाले. बंदी आलेल्या संस्थेने छापलेले. त्याच लेखकाचे पण दुसऱ्याने छापलेले. आणि बाकी सगळे. तिसरा गठ्ठाच सर्वांत मोठा निघाला. कुराण, हदीस आणि शालेय पुस्तके त्याच फोटोत त्याच ओळीखाली आली होती. बिननावाच्या डिस्क लावून पाहायच्या नाहीत, वर पेनने जे लिहिले असेल तेवढेच यादीत घ्यायचे असे ठरले. संगणक बंद करून झाकून ठेवला. एका मुलाने तो फॉरमॅट करू म्हटले, त्याला थांबवले. रिकामी हार्डडिस्क भरलेल्या हार्डडिस्कपेक्षा जास्त प्रश्न उभे करते.

पत्रात पहिली चूक झाली. कोर्टाबाहेरच्या अर्जनविसाने कन्नडमध्ये जो मसुदा केला त्याचा आशय असा होता, की आमच्या वाचनालयात बंदी असलेले साहित्य सापडले असून ते आम्ही जमा करत आहोत. सही होण्याच्या बेतात असताना बेळगावच्या एका वकिलांना फोनवर वाचून दाखवले आणि त्यांनी तो थांबवला. जो गुन्हा कोणी नोंदवलेला नव्हता त्याची ती कबुली ठरली असती. सुधारलेल्या पत्रात फक्त घटना होत्या : संस्थेचा नोंदणी क्रमांक, वाचनालय केव्हापासून, साहित्य बंदीच्या आधी आलेले, खोली अमुक तारखेपासून कुलूपबंद, यादी सोबत, चौकशीला सहकार्य. अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सह्या, प्रत्येक पानावर. एक प्रत ठाण्यात, एक तहसील कार्यालयात आणि आपल्या प्रतीवर दोन्हीकडचा आवक शिक्का. पंचांना समजावा म्हणून मराठी प्रत वेगळी ठेवली.

ठाण्यातील पीएसआय साहेबांकडे तेव्हा वरून काहीच सूचना आली नव्हती. त्यांनी पत्र ठेवून घेतले आणि वर विचारतो म्हणाले. काही दिवसांनी पंचनामा झाला. साक्षीचे पंच दोन : एक जमातीबाहेरचा मुसलमान, एक मराठा व्यापारी. पहिल्या गठ्ठ्यातल्या डिस्क आणि काही पुस्तिका नेल्या, नेलेल्या वस्तूंच्या यादीची सहीची प्रत जमातीला दिली. ही प्रत मागून घ्यावी लागते. कायद्याने ती मिळायची असते, पण घाईत राहून जाते. कपाटे तशीच राहिली.

पैशांचा प्रश्न वेगळा हाताळला. तिघांनी बंदीच्या आधी संस्थेला लहानसहान देणग्या बँकेतून पाठवल्या होत्या. पावत्या फाडाव्यात असा सल्ला त्यांना घरच्यांनी दिला. वकिलांनी उलट सांगितले : पावत्यांवरच्या तारखा हेच त्यांचे संरक्षण आहे, कारण गुन्हा ठरतो तो बंदीनंतर वर्गणी देणे, मागणे किंवा स्वीकारणे. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या कलम 10 खाली त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पावत्या आणि पासबुकाच्या झेरॉक्स एका फायलीत लावल्या. मशिदीच्या पेटीतल्या जुन्या नोटा पंचांसमोर मोजून, नोंद करून, 30 डिसेंबरच्या मुदतीच्या खूप आधी जमातीच्या खात्यात भरल्या. कोणाच्याही खासगी खात्यातून त्या बदलून घेतल्या नाहीत. तेवढ्या दिवसांत तो मोह गावोगाव होता.

खरी दुखरी जागा

हे सगळे चालू असताना शांतता समितीची बैठक झाली आणि तिथे पुस्तकांविषयी कोणी फारसे बोललेच नाही. राग होता तो एका तरुण शिक्षकावर. तो वाचनालयात दर आठवड्याला बोलत असे, नाईक यांच्याच पद्धतीने : हिंदू ग्रंथांतील वचने क्रमांकासह सांगायची, त्यांच्यातून मूर्तिपूजा चूक असल्याचे दाखवायचे आणि समोरच्याला प्रश्न विचारायला लावायचे. गणेशोत्सवात त्याच्या भाषणाचा एक तुकडा बाहेर गेला होता. त्या वर्षी गणपतीचे दहा दिवस आणि बकरी ईद एकत्र आली होती आणि तेव्हापासून हे सल मनात होते. वाचनालयाचे निवेदन हे त्या सलीचेच दुसरे रूप होते. केवळ कायद्याच्या अंगाने उत्तर दिले असते तर वाचनालय वाचले असते आणि गाव तुटले असते.

शिक्षकाबाबत पंचांपुढे दोन मागण्या होत्या. जुन्या मंडळींना त्याला मशिदीतून काढायचे होते. त्यांचा हिशेब मिलादपर्यंतचा होता. तरुणांना तो निर्दोष हवा होता. मधला तोडगा असा निघाला : त्याने आपल्या धर्माविषयी बोलावे, दुसऱ्याच्या धर्मग्रंथाचा अर्थ लावू नये, ध्वनिमुद्रण करू नये आणि दर्ग्याला जाणाऱ्या मुसलमानांनाही नावे ठेवू नयेत. त्याने तक्रार करणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांची मुतवल्लींबरोबर घरी जाऊन भेट घेतली. जाहीर माफी मागितली नाही, कोणी हट्टही धरला नाही. “मास्तर, आमच्या पोरांना तुम्हीच गणित शिकवता. तेवढंच शिकवा की,” एवढे ते अध्यक्ष म्हणाले आणि चहा झाला.

परिणाम

गुन्हा नोंदला गेला नाही. मिलादची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने निघाली. वाचनालयातील मुले तिच्यात चालली नाहीत, पण तिच्याविरुद्ध बोललीही नाहीत. खोली चार महिने बंद राहिली. मार्च 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बंदीविरुद्ध संस्थेची याचिका फेटाळली, त्यानंतर नवीन नोंदवहीसह वाचनालय उघडले. जुलै 2017 मध्ये नाईक यांचा पासपोर्ट रद्द झाला, डिसेंबरमध्ये इंटरपोलने त्यांच्याविरुद्ध रेड नोटीस काढायला नकार दिला, 2019 मध्ये मलेशियानेही चिनी आणि हिंदू रहिवाशांविषयीच्या विधानांवरून त्यांची जाहीर भाषणे बंद केली, आणि 2021 मध्ये भारतातील बंदी पुन्हा पाच वर्षांनी वाढली. यातील प्रत्येक बातमीला गावच्या ग्रुपवर कुजबुज झाली, पण वाचनालयाचे नाव पुन्हा निघाले नाही.

नुकसानही झाले आणि ते झाकू नये. चार महिन्यांत मुलांनी वाचनालयाची वाट सोडली. सप्टेंबर 2016 पासून स्वस्त इंटरनेट हातात आले होते. तीच भाषणे, आणि त्यांहून कडवट बोलणारे अनोळखी वक्ते, फोनवर कानात लावून ऐकणे सोपे झाले. खोलीत निदान चारजण मिळून ऐकत, एखादा वडीलधारा मध्येच टोके. फोनवर कोणी टोकत नाही. शिक्षकाने वर्षभराने बदली मागितली. वाचनालय पूर्वीइतके भरत नाही.

वेगळे काय करता आले असते

जुलैमध्ये केबलवाल्याला विचारणा झाली, तोच इशारा होता. त्या महिन्यातच यादी केली असती तर नोव्हेंबरची रात्र धावपळीत गेली नसती. वाचनालयात कधीच आवक नोंदवही नव्हती. कोणीही गठ्ठा आणून ठेवी. देणगीचे पुस्तक कोणी दिले, कधी दिले, कोणाचे प्रकाशन, एवढी एक ओळ लिहिली असती तर ‘बंदीच्या आधीचे’ हे सिद्ध करायला माणसांच्या आठवणीवर विसंबावे लागले नसते. संस्थेची खोकी शोभेसारखी कपाटावर ठेवण्याचेही काही कारण नव्हते.

चार महिने पूर्ण कुलूप ही दुसरी गोष्ट. पंचनामा झाल्यावर तिसऱ्या गठ्ठ्याला काहीच हरकत नव्हती. पोलिसांना तसे लिहून विचारता आले असते आणि निदान अभ्यासाची पुस्तके आठवड्यात खुली करता आली असती. भीतीने घेतलेला निर्णय भीती संपल्यावर पुन्हा तपासला गेला नाही.

कपाटात एकाच आवाजाची पुस्तके होती, हे सर्वांत खोल कारण. नाईक यांच्या युक्तिवादाला मुसलमान विद्वानांनीच दिलेली उत्तरे, मौलाना वहीदुद्दीन खान यांच्यासारख्यांचे शांत लेखन, सूफी परंपरेवरचे मराठी लेखन, यातले काहीही तिथे नव्हते. जुन्या मंडळींनी वाचनालयाला मुलांचा खेळ समजून आठ वर्षे तिथे पाऊल टाकले नाही, आणि मुलांनी त्यांना अडाणी समजून बोलावले नाही. 2017 च्या नोंदवहीत पुस्तक घेण्यासाठी दोन सह्या लागतात, एक जुन्या गटाची, एक नव्याची. पहिल्या वर्षी या सह्यांवरून तीन भांडणे झाली. त्यांपैकी एक मोहरमच्या पंज्यांवरील मराठी पुस्तिकेवरून होते. ती पुस्तिका शेवटी कपाटात गेली आणि जिच्यात त्या प्रथेवर टीका आहे अशी दुसरीही तिच्या शेजारी ठेवली गेली.